सबनीसबाईंचे पांढरे दाणे

लखनौला नोकरी धरली तेव्हा पहिले काही महिने मी सबनीसबाईंना विधवा समजत होतो. त्यात माझा एकट्याचा दोष नव्हता. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमच्या प्रयोगशाळेत बायका मोजक्याच. त्यांतली एक चाळिशी उलटलेली मराठी बाई रोज पांढरी सुती साडी नेसून येते, कपाळ रिकामं, गळा रिकामा, हातात बांगडी नाही. कोणीही दुसरं काय समजणार? मी नागपूरचा केमिकल इंजिनिअर आणि त्या रसायनशास्त्राच्या. आमची टेबलं एकाच खोलीत होती. पण असल्या गोष्टी विचारायच्या नसतात, म्हणून मी विचारलं नाही. घरी बायकोला मात्र सांगितलं. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं तेव्हा सुधा दोन दिवस घोळ घालत बसली. बोलवावं तर त्यांना वाईट वाटेल, न बोलवावं तर लखनौत मराठी घरं ती किती.

मग एका दुपारी चौकीदार एका गृहस्थांना खोलीपर्यंत घेऊन आला. चौकड्यांचा बुशशर्ट, पँटला सायकलची क्लिप, हातात पितळी डबा.

"मालतीचा डबा घरीच राहिला," ते म्हणाले.

मी उठून खुर्ची दिली. "आपण त्यांचे बंधू का?"

"नाही, नवरा," गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले. "आमच्या बँकेतसुद्धा हेच विचारतात. सवय झालीय."

हे माधवराव सबनीस. बाई आत आल्या, माझा चेहरा पाहिला आणि त्यांना सगळं समजलं. खुर्चीवर बसून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो कुलकर्णी, क्लोरीन आहे तो. रंगीत साडीवर थेंब उडाला की तिथे पांढरा डाग. लग्नातल्या दोन साड्या अशा घालवल्या मी. मग म्हटलं, मुळातच पांढरी असलेली बरी. मंगळसूत्राला डाग पडायला लागले, ते देवापाशी ठेवलंय. कुंकू चष्म्याखाली ओघळतं. आणि तुम्ही आमच्या यांना पोचवून आलात होय?"

हळदीकुंकवाला त्या आल्या त्या गर्द हिरवी इरकल नेसून आणि नाकात नथ घालून. सुधाने दार उघडलं आणि क्षणभर ओळखलंच नाही.

बाई मिरजेच्या. बोलणं ठसठशीत, आवाज मात्र हलका. घड्याळ वापरत नसत, कारण त्याचाही पट्टा आणि काटे क्लोरीनने खाल्ले होते. त्यामुळे दिसेल त्याला वेळ विचारायची सवय. पुढे पुढे लोक व्हरांड्यात त्यांना पाहिलं की नमस्काराच्या आधी वेळ सांगत. "मैडम, सवा ग्यारह," आणि बाई मान डोलावून पुढे जात.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं, करायला नव्हतं. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर सगळ्यांना ठाऊक आहे. ती हवेतला ओलावा पिते, तिचे गोळे होतात आणि पावसाळ्यात तिचा जीव निघून जातो. पिंप तेच, वासही थोडाफार येतो, पण जंतू मारायची ताकद गेलेली. शिवाय ती टाकताना जो धुरळा उडतो त्याने टाकणाऱ्याचे डोळे आणि छाती जळते. बाईंना तिच्याहून जोरदार क्षार, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, गोल दाण्यांच्या रूपात करायचा होता. ज्वारीएवढा टणक दाणा. धुरळा नाही, गोळे नाहीत, पावसाळ्यातही टिकणारा. त्यासाठी त्याच क्षाराची बारीक कणी फिरत्या ड्रममध्ये घोळवायची, तिच्यावर त्याचंच दाट द्रावण फवारायचं आणि त्याच वेळी गरम हवा सोडायची. थरावर थर चढत दाणा मोठा होतो. हवा जास्त तापली तर माल तिथल्या तिथे मरतो, कमी तापली तर ओला राहतो. ड्रम, फवारा आणि हवा माझ्याकडे. त्यात जायचं काय आणि बाहेर आलेलं कसं आहे, हे बाईंकडे.

हे काम त्यांनी का घेतलं, याचं उत्तर त्या माणूस बघून देत. डायरेक्टरसाहेबांना सांगत, परदेशातून मागवायचा माल वाचेल. आमचे फिटर रिझवी साहेब यांना सांगत, आपकी आँखें बचेंगी. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जमेल असं वाटतं म्हणून. तुम्हाला नाही वाटत?"

रिझवी साहेबांबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यांच्याशिवाय बाई डोळ्यांसमोर येत नाहीत. जुन्या शहरात, चौक नावाच्या बाजाराच्या मागच्या एका गल्लीत पिढ्यान् पिढ्या राहणारं घर. पाना हातात धरतानाही असा धरत की जणू अत्तराची कुपी आहे. बाईंचं हिंदी मिरजेचं, त्यात कोण पुल्लिंगी आणि कोण स्त्रीलिंगी याचा काही धरबंध नव्हता. "रिझवी साहब, ड्रम गरम हो गई क्या?" असं त्या विचारत. आणि रिझवी साहेब, ज्यांच्या तोंडून चुकीचा शब्द कधी निघत नसे, ते अदबीने म्हणत, "जी मैडम, हो गई है. बहुत गरम हो गई है." बाईंना कानकोंडं वाटू नये म्हणून त्यांनी त्यांचं सगळं चुकीचं व्याकरण स्वतःच्या तोंडात घेतलं होतं. बाईंना याचा पत्ता नव्हता. एकदा मला म्हणाल्या, "इतकं सुरेख उर्दू बोलतात रिझवी साहेब, पण ड्रमला बाई का म्हणतात कोण जाणे."

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात आमचा ड्रम चालू झाला, पण त्यातून दाणे निघालेच नाहीत. निघायचे ते ओबडधोबड खडे, एकमेकांना चिकटलेले. मी फवाऱ्याची तोटी बदलली, ड्रमचा कल बदलला, वेग बदलला. काही फरक पडेना. सबनीस तेव्हा अलीगंजमध्ये राहत. संक्रांतीच्या आदल्या रविवारी बाईंनी मला आणि सुधाला घरी बोलावलं. स्वयंपाकघरात कोळशाच्या शेगडीवर मंद आचेवर परात ठेवली होती. परातीत खसखस, शेजारी वाटीत साखरेचा पाक, आणि बाई बोटांनी हलवा करत बसल्या होत्या.

"लखनौच्या थंडीत हलव्याला असा काटा येतो की आमच्या मिरजेत कधी आला नाही," त्या म्हणाल्या. "बसा. आज तुम्ही करायचा."

मी चमचाभर पाक घातला आणि बोटं फिरवली. बरं वाटलं म्हणून लगेच दुसरा चमचा घातला. खसखस एकमेकींना धरून बसली. परातीत जे तयार झालं ते हुबेहूब आमच्या ड्रममधलं होतं.

बाईंनी दुसरी परात घेतली, अर्धा चमचा पाक सोडला आणि बोटं फिरवत राहिल्या. दाणे सुटे होऊन परातीत वाजायला लागले तेव्हा कुठे पुढचा अर्धा चमचा. "आधीचं वाळल्याशिवाय पुढचं घालायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा फवारा सारखा चालू असतो कुलकर्णी. त्याला श्वास घेऊ द्या."

"हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हलवा माहीत होता. ड्रम आत्ता समजला, तुम्ही दुसरा चमचा घातलात तेव्हा."

निघताना दारात त्यांनी दोघांच्या हातांवर पाणी घातलं आणि मला बजावलं, "उद्या येताना खिशातून हलवा आणू नका. साखर आणि आपला माल एकत्र आले तर पेट घेतात." तो माल तसा बेरकीच. तेल, साखर, चिंधी, लाकडाचा भुसा, कशाशीही गाठ पडली तर भडकणारा.

मार्चपर्यंत दाणे निघायला लागले. बाई मूठभर दाणे काचेच्या बरणीत घेऊन कानाशी हलवून बघत. म्हणत, वाळलेला दाणा बोलतो, ओला मुका असतो. मग प्रयोगशाळेतली रीतसर तपासणी करत, पण आधी कान.

आग लागली ती मे महिन्यात. ड्रमच्या बेअरिंगला रिझवी साहेबांनी तेल दिलं होतं. हात पुसलेली चिंधी त्यांनी कठड्यावर ठेवली, ती घसरून खाली दाण्यांच्या बादलीत पडली. आधी बारीक धूर, मग एकदम लाल-पिवळी ज्वाळा आणि खोलीभर घसा धरणारा वास. मी मागे सरलो. बाईंनी पदर खोचला, लांब बांबूने बादली दाराबाहेर ढकलत नेली आणि अंगणातल्या नळाची रबरी नळी तिच्यावर सोडली. ज्वाळा बसली. मग त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "कुलकर्णी, चहा सांगा. तिघांना."

रिझवी साहेब भिंतीशी उभे होते, चेहरा चुन्यासारखा झालेला. "मैडम, मेरी वजह से आज..."

"बैठिए रिझवी साहब. आपकी आँख को कुछ नहीं हुई ना?"

"नहीं मैडम. कुछ नहीं हुई."

डायरेक्टरसाहेबांना कोणाला तरी मेमो द्यायचा होता. फिटरला द्यायचा हे जवळजवळ ठरलंच होतं. बाई त्यांच्या खोलीत गेल्या आणि सांगून आल्या की बेअरिंगच्या खाली बादली ठेवायची जागा स्वतः बाईंनीच नेमून दिली होती, फिटरने नव्हे, तेव्हा मेमो बाईंना द्यावा. डायरेक्टरसाहेबांनी मेमो कोणालाच दिला नाही. बादलीची जागा बदलली. रिझवी साहेब त्या ईदला शेवयांचा एवढा मोठा डबा घेऊन आले की तो रिक्षातून आणावा लागला.

पावसाळ्याच्या तोंडावर खरी अडचण आली. कानपूरचा एक कारखानदार आमची पद्धत घ्यायला तयार होता. जुलैमध्ये मंत्री यायचे होते, त्यांच्या हस्ते कागद द्यायचे, फोटो काढायचे, असा डायरेक्टरसाहेबांचा बेत होता. माणूस वाईट नव्हता. वर्षभर संस्थेचं नाव कुठे आलं नव्हतं आणि वरून विचारणा होत होती. पण दाणा पावसाळ्यात टिकतो का ते बघायला बाईंनी दाण्यांचे डबे, झाकण सैल ठेवून, तीन ठिकाणी ठेवले होते. एक स्वतःच्या न्हाणीघरात, एक मलिहाबादजवळच्या एका शाळेत, आणि एक रिझवी साहेबांच्या तळमजल्यावरच्या खोलीत, जिथे भिंतींना बारा महिने ओल.

"मैडम, मंत्रीजी जुलाई में आ रहे हैं," डायरेक्टरसाहेब म्हणाले.

"सर, जुलाई में दाना परीक्षा को बैठी है," बाई म्हणाल्या. "रिजल्ट लगने के बाद बुलाइए."

मंत्री आले आणि दुसऱ्या विभागाचं काहीतरी पाहून गेले. पाऊस संपल्यावर डबे आले. रिझवी साहेबांनी आपला डबा रुमालात गुंडाळून, दोन्ही हातांत धरून आणला. बाईंनी बरणी कानाशी हलवली आणि त्यांचा चेहरा उतरला. तपासणी पुन्हा पुन्हा केली. शाळेतला माल ठीक होता, न्हाणीघरातला बरा होता, रिझवी साहेबांच्या घरचा जवळजवळ निम्मा मेला होता. बाहेरून दाणा मोत्यासारखा, आत कुठेतरी पाणी राहिलेलं.

कोणी विचारायच्या आत बाईंनी हे बैठकीत सांगून टाकलं. डायरेक्टरसाहेब म्हणाले, तिन्ही जागांची सरासरी काढली तर आकडा चांगलाच येतो. तो आकडा कारखानदाराला दाखवता येईल.

बाई उभ्या राहिल्या. "सर, लोग औसत पानी नहीं पीती. अपने-अपने कुएँ की पीती है."

बैठकीत कोणी हसलं नाही. कारखानदाराने हात आखडता घेतला. त्याच महिन्यात वरची जागा निघाली होती, ती दुसऱ्या विभागातल्या एकाला मिळाली. बाईंनी त्याचं अभिनंदन केलं, टेबल आवरलं आणि घरी गेल्या. पुढे काही दिवस आल्याच नाहीत.

माधवराव सायकलवरून माझ्याकडे आले. हे माधवराव म्हणजे एक वेगळंच प्रकरण. बायकोची प्रयोगशाळा लखनौत आहे म्हणून त्यांनी बँकेतली बढती दोनदा नाकारली होती, आणि हे त्या काळात, जेव्हा असं काही ऐकलं की लोक त्या पुरुषाकडे कीव करून बघत. ते म्हणाले, "जरा घरी या. ती बोलत नाहीये. भांडी घासतेय. घासलेलीच परत घासतेय."

मी आणि सुधा गेलो. बाई ओट्याशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. वळल्याच नाहीत. म्हणाल्या, "कुलकर्णी, मी तो सरासरीचा आकडा चालू दिला असता तर काय बिघडलं असतं? एक पावसाळा तर कोणाला कळलंही नसतं."



"तुला कळलं असतं," माधवराव बाहेरच्या खोलीतून म्हणाले.

"मला कळून काय? मला कोण विचारतंय? पंधरा वर्षं घातली मी या वासात. आणि जागा कोणाला, तर ज्याने आयुष्यात एक थर दिला नाही त्याला." त्यांचा आवाज फुटला.

त्यांची मुलगी शुभा तेव्हा कॉलेजात होती. मराठी सगळं समजायची, पण उत्तर हिंदीत. ती दारात येऊन म्हणाली, "आई, रो मत ना, यार."

"रडत नाहीये. कांदा चिरतेय."

"कांदा है कहाँ?"

बाईंनी ओट्याकडे पाहिलं. तिथे घासलेली पातेली सोडून काही नव्हतं. मग त्या हसल्या, पदराने डोळे पुसले आणि सुधाला म्हणाल्या, "बसा, पोहे करते." पोह्यांसाठी कांदा शुभानेच आणून दिला.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत आल्या त्या तावातावाने. "रडून झालं. आता ऐका. आपण घाईच केली. वरचा थर कडक होतोय आणि आतलं पाणी आतच कोंडतंय. फवारा अजून बारीक करा, प्रत्येक फेरीला कमी माल, आणि शेवटी गरम नाही, कोमट हवा, भरपूर वेळ." तसं केलं तर दिवसाला निघणारा माल अर्ध्यावर येणार होता. मी तसं म्हणालो. "येऊ दे," त्या म्हणाल्या. पुढच्या पावसाळ्यानंतर रिझवी साहेबांच्या ओल्या खोलीतला डबा उघडला, बाईंनी बरणी कानाशी धरली आणि मग ती माझ्या कानाशी धरली. दाणे खडखडत होते.

तरी कारखानदार काही लगेच परत आला नाही. माल आमच्याकडेच पिंपांत पडून होता. आणि त्याच्या पुढच्या वर्षी गोमती चढली.

नदीकाठच्या खोलगट वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. ओसरलं तेव्हा विहिरी गढूळ झालेल्या, आणि घराघरांत जुलाब-उलट्या. आरोग्य खात्याचा एक माणूस आमच्याकडे पावडरचा नमुना तपासायला घेऊन आला. बाईंनी नळीत थोडं पाणी घेतलं, पावडर टाकली, वर औषधाचे दोन थेंब. क्लोरीन जिवंत असला की पाणी पिवळं होतं. ते पांढरंच राहिलं. बाईंनी त्याला काही बोल लावला नाही. मला म्हणाल्या, "जीप सांगा. आपली पिंपं काढा."

आम्ही तिघं गेलो. गल्लीत गुडघाभर चिखल. बाईंनी साडी वर खोचली होती आणि पायात रिझवी साहेबांनी आणून दिलेले रबरी बूट होते, एका पायाचा मोठा आणि एका पायाचा छोटा. पहिल्याच विहिरीच्या कट्ट्यावर एक म्हातारी हात कमरेवर ठेवून उभी होती. गल्लीत सगळे तिला बडी बी म्हणत. तिच्या घरातली दोन माणसं आजारी होती.

"यह क्या डाल रही हो हमारे कुएँ में?"

"दवा है," बाई म्हणाल्या.

"दवा तो वो परसों भी डाल गए थे. सफ़ेद-सफ़ेद. बदबू आई, और लोग फिर भी बीमार पड़े. अब तुम ज़हर डालोगी?"

मागे लोक जमले होते. एकाने आमचं पिंप धरून ठेवलं. मी रिझवी साहेबांकडे पाहिलं. ते बोलणार होते, पण बाईंनी हातानेच थांबवलं. त्यांनी बादलीभर पाणी काढलं, दाणे मोजून टाकले, विरघळू दिले, आणि बडी बीला म्हणाल्या, "अब आधा घंटा रुकना पड़ता है. फिर पहले मैं पीती हूँ."

"पियो," बडी बी म्हणाली. "और पीकर यहीं बैठना. हम देखेंगे तुम्हें क्या होता है."

बाई कट्ट्यावर बसल्या. रिझवी साहेबांना वेळ विचारली. वेळ झाल्यावर लोट्याने पाणी काढलं, नळीत घेऊन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. मग त्यांनी आरोग्य खात्याच्या पावडरीची पुडी काढली आणि तेच करून दाखवलं. पाणी पांढरं. "यह मर गई है," त्या म्हणाल्या, "और यह ज़िंदा है." आणि लोटा तोंडाला लावून पाणी प्यायल्या. रिझवी साहेब पुढे आले, लोटा घेतला, "मैडम ने पी है तो हम भी पी है," म्हणाले आणि प्यायले. मग माझी पाळी.

त्यानंतर आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो, कारण बडी बीने उठूच दिलं नाही. ती समोर वेताच्या मोढ्यावर बसली आणि बाईंच्या चेहऱ्यावरून नजर हलवेना. थोड्या वेळाने विचारलं, "बच्चे कितने हैं?" बाई म्हणाल्या, एक मुलगी. "शौहर?" बँकेत. "तो सफ़ेद क्यों पहनी हो, बीबी?" बाईंनी तिला साड्यांची सगळी हकीकत सांगितली, लग्नातल्या दोन साड्यांसकट. गल्लीतल्या बायका पुढे सरकल्या. पिंप धरून ठेवलेल्या माणसाने ते केव्हा सोडलं, कळलं नाही. शेवटी बडी बी उठली आणि म्हणाली, "चलो. पहले मेरे कुएँ में डालो. फिर उधर मस्जिद वाले में."

आम्ही आठवडाभर रोज जात होतो. त्या गल्लीत पुढे नवा रोगी निघाला नाही, असं आरोग्य खात्याचा माणूस सांगून गेला. बाई म्हणाल्या, "पाणी ओसरलं म्हणूनही असेल." पण दिवसभर त्यांचा चेहरा फुललेला होता.

ही बातमी कानपूरला पोचली असावी. कारखानदार परत आला. या वेळी त्याने कोणत्याही अटीशिवाय बाईंचीच संथ पद्धत घेतली. पद्धतीच्या कागदांवर डायरेक्टरसाहेबांचं नाव पहिलं, वरच्या जागेवर गेलेल्या गृहस्थांचं दुसरं, बाईंचं तिसरं. माझं चौथं. मी चिडलो होतो. बाईंनी कागद नीट वाचला, दोनदा वाचला, आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. संध्याकाळी मात्र रिझवी साहेबांना म्हणाल्या, "आपका नाम भी चाहिए थी." रिझवी साहेब म्हणाले, "मैडम, आपने कह दी, समझिए लिख गई."

ऐंशीच्या दशकात लखनौ पसरायला लागलं. नदीपलीकडे गोमती नगरचे प्लॉट निघाले, अलीगंजच्या पुढे विकास नगर वसायला लागलं. बाई निवृत्त झाल्या. शुभा लग्न होऊन बडोद्याला गेली. सगळ्यांना वाटलं सबनीस मिरजेला परत जातील, पण दोघं अलीगंजमध्येच राहिली. माधवराव म्हणत, इथे आमची ओळख आहे. मिरजेत आता कोण ओळखतंय?

दशक संपत आलं तेव्हा मला पुण्याला जागा मिळाली. सामान बांधून झालं होतं. जायच्या आधी उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. बाई पुढच्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. कुंपणाशी माधवरावांनी बेला लावला होता, लखनौत मोगऱ्याला बेला म्हणतात. झाड फुलांनी इतकं लगडलं होतं की मी फाटकातच थांबलो.

"काय वास सुटलाय," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "येतोय का? चांगला येतोय?"

मी हो म्हणत फाटक लावलं.

"मला नाही येत हो. तीन-चार वर्षं झाली. हळूहळू गेला. आधी हिंगाचा वास येईना, मग कॉफीचा. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं त्या वाफेत होतात, नाक थकलं." त्या हे असं सांगत होत्या, जसं कोणी गुडघा दुखतो म्हणून सांगावं. "यांना सांगितलं नव्हतं मी. पण एकदा दूध करपलं आणि मी तिथेच उभी होते, तेव्हा कळलं यांना. त्यानंतर यांनी हे झाड लावलं. मी म्हटलं, मला वास येत नाही आणि तुम्ही बेला कसला लावता? तर म्हणाले, दिसतो तरी."

माधवराव आतून चहा घेऊन आले. आम्ही पुण्याच्या भाड्यांबद्दल, शुभाच्या मुलाबद्दल, रिझवी साहेबांच्या मोतीबिंदूबद्दल बोललो. अंधार पडायला लागला तसा मी उठलो. बाई झाडापाशी गेल्या, ओंजळभर फुलं खुडली, रुमालात बांधली आणि माझ्या हातात दिली.

"सुधाताईंना द्या. आमच्याकडे वास एकालाच येतो. एवढी कशाला वाया घालवायची?"

मी स्कूटर सुरू केली. कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलं. माधवराव झाडाशी वाकून एक फूल हुंगत होते, आणि बाई खुर्चीवर पुढे सरकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, कसा आहे ते विचारत होत्या.